भरवसा कशाने वाढतो? मराठी ख्रिस्ती विचारातल्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

आजाऱ्याच्या उशाशी बसलेले पाळक, घरगुती प्रार्थनासभेत साक्ष देणारी बाई, रविवारच्या मिस्सेत प्रवचन करणारे फादर, या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असते : देवावर भरवसा ठेवा. ते ऐकणाऱ्याच्या मनात पाठोपाठ दोन प्रश्न उभे राहतात. भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? आणि तो ठेवला, तर आपण कशासाठी जगतो आहोत हे कळेल का? ख्रिस्ती जगात या प्रश्नांवर दोन हजार वर्षे विचार चालू आहे. मराठी ख्रिस्ती समाजाने त्यात घातलेली भर संख्येच्या मानाने पुष्कळ मोठी आहे. आपला विश्वास कसा जडला, कुठे डळमळला, कशाने सावरला, हे इथल्या माणसांनी पत्रांत आणि आत्मकथनांत मोकळेपणी लिहून ठेवले आहे. म्हणून या आढाव्याचा मोठा भाग त्या लेखनाभोवती फिरतो. जागतिक चर्चेचा उल्लेख जिथे तिचा धागा इथवर पोचतो तिथेच केला आहे.

शास्त्रातली मुळे

पवित्र शास्त्रात या विषयावर एकच सूर नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या अकलेवर विसंबू नये, सर्वस्वी परमेश्वरावर विसंबावे, असा उपदेश आहे. त्याच जुन्या करारात ईयोब देवाला जाब विचारतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीची, रडण्याची, देव कुठे गेला असे विचारणारी आहेत. मार्कच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप येशूसमोर आपला विश्वास आणि अविश्वास एका दमात कबूल करतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासवीरांची मालिका येते. त्यातल्या अनेकांना अभिवचन मिळाले, पण त्याचे फळ हाती येण्याआधीच ते मेले, असे तोच अध्याय सांगतो.

अब्राहामाचे उदाहरण पौल आणि याकोब दोघेही घेतात, आणि दोघे त्याचा वेगळा उपयोग करतात. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल दाखवतो की अब्राहामाने काही करून दाखवण्याआधीच त्याचा भरवसा देवाने मान्य केला. याकोबाच्या मते इसहाकाला वेदीवर ठेवण्याच्या कृतीत तो भरवसा पूर्ण झाला. सोळाव्या शतकात याच मुद्द्यावर युरोपची मंडळी फुटली. ल्यूथरने याकोबाच्या पत्राला कमी लेखले. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रीतीने घडलेल्या विश्वासाचा आग्रह धरला. प्रॉटेस्टंट पंडितांनी विश्वासाचे तीन थर सांगितले : ठाऊक असणे, मान्य असणे आणि स्वतःला हवाली करणे. तिसरा थर नसेल तर पहिले दोन व्यर्थ, असे ते मानत.

हा वाद आज पूर्वीइतका धारदार उरलेला नाही. १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने विश्वास म्हणजे माणसाने संपूर्णपणे स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे, असे म्हटले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण कृपेने होते आणि सत्कर्मे हे तिचे फळ आहे, यावर त्यात मूलभूत एकमत नोंदवले गेले. मतभेद उरले आहेत. पण रोजच्या जीवनात भरवसा कसा वाढवावा या प्रश्नावर आजची सीमारेषा कॅथलिक विरुद्ध प्रॉटेस्टंट अशी राहिलेली नाही. ती दोन्ही घरांच्या आतूनच जाते.

बुद्धीची वाट

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती विचारवंतांत नीलकंठ, म्हणजे नेहेम्या, गोऱ्हे यांचा मान वेगळा आहे. १८२५ साली जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. हिंदू दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ‘षड्दर्शन दर्पण’ हा ग्रंथ १८६० चा. सत्य हे युक्तिवादाच्या कसाला उतरले पाहिजे, ही त्यांची धारणा होती, आणि ख्रिस्ती मतही त्यांनी त्याच कसावर घासून पाहिले. त्याची किंमतही त्यांनी मोजली. शंकांनी त्यांना आयुष्यभर सोडले नाही, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. तरी १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रार्थनेत, विरक्त राहणीत आणि सेवेत टिकून राहिले.

गोऱ्हे यांच्या उदाहरणाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. बुद्धीवर एवढा भार टाकला की मन कधी निवांत होत नाही, असे अनुभवाला महत्त्व देणारे म्हणतात. शंका असूनही जो चालत राहिला त्याचाच भरवसा खरा, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. मला दुसरे वाचन अधिक पटते. शंका गेल्यावरच पाऊल टाकायचे असे गोऱ्ह्यांनी ठरवले असते, तर ते काशीच्या घाटावरून हललेच नसते.

अनुभवाची वाट : रमाबाई

या प्रश्नाचा सर्वांत समृद्ध दस्तऐवज पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडतो. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. व्रते, तीर्थयात्रा, दानधर्म सारे करूनही घरातली माणसे उपासमारीने गेली, ही त्यांच्या पुढच्या शोधाची सुरुवात होती. भाऊ गेला. १८८२ मध्ये पतीही गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा होता, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे.

पुढच्या दोनतीन वर्षांतला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित स्वरूपात आणला. देवावरचा विश्वास आणि चर्चच्या अधिकाराला मान तुकवणे या दोन गोष्टी रमाबाई ठामपणे अलग ठेवतात. त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्या प्रश्न विचारतात. एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीच्या जोखडाखाली जाण्यासाठी नव्हे, असा त्यांचा भाव आहे. उलट बाजूचे म्हणणेही पोकळ नव्हते. नवशिक्याने आपल्या एकट्याच्या समजुतीवर सगळे उभे केले तर तो एकटाच पडतो, मंडळीची परंपरा त्याला सावरते, असे सिस्टर जेराल्डीनना वाटे. हा वाद आजच्या तरुण ख्रिस्ती माणसाला जसाच्या तसा ओळखीचा वाटेल.

पुढची पायरी १८९१ ची. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन वाचताना रमाबाईंच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, शारदा सदन ही विधवांची शाळा चालवत असताना, एवढी मोठी विदुषी हे स्वतःविषयी लिहिते. यानंतर त्यांनी जॉर्ज म्युलर, हडसन टेलर आणि जॉन पेटन यांची चरित्रे वाचली. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे म्युलर माणसांपुढे हात न पसरता गरज फक्त देवापुढे मांडत. हे भारतात घडेल का, हा प्रश्न रमाबाईंना पडला. शारदा सदनाला दहा वर्षे आधार देण्याचे अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने ठरवले होते आणि ती मुदत संपत आली होती.

उत्तर दुष्काळाने दिले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागातून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार माणसे होती. छापखाना, विणकाम, शेती, दूधदुभते, अंध मुलींसाठी ब्रेल, असा पसारा वाढत गेला. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जे आत्मिक जागरण झाले त्याची बातमी जगभर गेली. तिथल्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या हूवर दांपत्यापर्यंत पोचली आणि १९०९ पासून तिथे पेंटेकॉस्टल मंडळ्यांची लाट आली. लॉस एंजेलिसचे अझुसा स्ट्रीट जागरण १९०६ चे, म्हणजे केडगावनंतरचे. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम केवळ अमेरिकेत शोधणे त्यामुळे अनेक इतिहासकारांना अपुरे वाटते.

रमाबाईंच्या वाटचालीत क्रम पाहण्यासारखा आहे. आधी योजना उलगडली आणि मग त्या कामाला लागल्या, असे झाले नाही. दारात उपाशी मुली आल्या, त्यांना आत घेतले, आणि त्या ओझ्याखाली भरवसा पक्का होत गेला. माझ्या वाचनात या साऱ्या वादातला सर्वांत कमी ऐकला गेलेला मुद्दा हाच आहे.

भक्तीची वाट : टिळक दांपत्य

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांचा सेतू ओलांडून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांतून आणि भजनांतून मराठी उपासनेला स्वतःचा आवाज मिळाला. भरवसा म्हणजे ख्रिस्ताशी जिवाभावाचे नाते, आणि ते गाण्यातून, कीर्तनातून, सत्संगातून वाढते, ही त्यांची भूमिका. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसाठी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. संस्थेच्या चौकटीबाहेर विश्वास टिकेल का, ही मिशनऱ्यांची शंका होती. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, टिळक गेले आणि प्रयोगाची कसोटी अर्धवट राहिली.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ या चर्चेत साहित्यकृती म्हणून येतात, विश्वासाचा दस्तऐवज म्हणून क्वचितच. वास्तविक त्यांचे परिवर्तन सर्वांत सावकाश आणि म्हणून सर्वांत शिकण्यासारखे आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही स्वयंपाकपाणी वेगळे होते. युक्तिवादाने त्यांना कोणी जिंकले नाही. जातीची शिवाशीव मनातून आधी गेली, मग ख्रिस्ताविषयी ओढ वाटू लागली, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे दुष्काळातली पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली, आणि टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुरे केले.

‘स्मृतिचित्रां’तूनच एक अवघड प्रश्नही निघतो. टिळक देवावर हवाला ठेवून हातातला पैसा देऊन टाकत. चूल पेटवायची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर पडे. घरातल्या एकाने ठेवलेल्या भरवशाची झळ दुसऱ्याला लागते तेव्हा त्याला काय म्हणावे? धर्मशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न फारसा येत नाही. मराठी संसारात तो रोज येतो.

आजच्या भूमिका

आजचे चित्र ढोबळमानाने चार प्रवाहांत दिसते, पण एकाच माणसात दोन-तीन प्रवाह मिसळलेले असतात.

पहिला प्रवाह नित्याच्या शिस्तीचा. मिस्सा, पापनिवेदन, रोझरी, उपवासकाळ, घरातली संध्याकाळची प्रार्थना. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांत विश्वास असाच पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला आहे. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गावागावांत वाचले जाई तेही याच वळणाचे. मन लागो न लागो, पाय देवळाकडे वळले पाहिजेत. भावना ओसरली तरी सवय माणसाला धरून ठेवते. सवयीचे कवच उरते आणि आतला गाभा सुकतो, असा आक्षेप या वाटेवर घेतला जातो.

दुसरा प्रवाह पवित्र आत्म्याच्या अनुभवाचा. प्रॉटेस्टंट पेंटेकॉस्टल मंडळ्या आणि कॅथलिक करिश्माई प्रार्थनागट दोन्ही त्यात येतात. साक्ष, रोगमुक्तीची प्रार्थना, उपवास-प्रार्थना, मोठ्याने स्तुती. व्यसनातून सुटलेल्या, घर सावरलेल्या माणसांच्या साक्षी इथे ऐकायला मिळतात आणि त्यांचे मोल नाकारता येत नाही. या प्रवाहाच्या एका टोकाला समृद्धीची शिकवण आहे : विश्वास पुरेसा असेल तर आरोग्य आणि पैसा येतोच. अमेरिकेत तिचा इतिहास लिहिणाऱ्या केट बोलर यांना पस्तिसाव्या वर्षी कर्करोगाने गाठले. त्यानंतर २०१८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात या शिकवणीखाली आजाऱ्यावर दुप्पट ओझे कसे पडते, हे सहानुभूतीने मांडले आहे. आजार आहेच, वर विश्वास कमी पडल्याचा दोषही. तरी समृद्धीच्या शिकवणीकडे गरीब माणूस ओढला जातो तो केवळ लोभाने, असे मानणे अन्यायाचे ठरेल. आपली गरज देवाच्या कानी जाते, हे त्याला प्रथमच कोणी तरी ठामपणे सांगितलेले असते.

तिसरा प्रवाह न्यायाचा. अहमदनगर आणि जालना परिसरातल्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजातून उभ्या राहिल्या. दुष्काळात मिळालेल्या अन्नासाठी धर्मांतर झाले की माणूस म्हणून मिळालेल्या मानासाठी, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. भुकेल्याच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, हेच आधी विचारले पाहिजे. धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात केलेल्या भाषणातून दलित धर्मशास्त्राची चर्चा सुरू झाली असे मानतात. देव दासाच्या, सेवकाच्या रूपात दलितांच्या बाजूने उभा आहे, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवणे म्हणजे आपल्या माणूसपणावर हक्क सांगणे, ही त्यांची मांडणी. दलित ख्रिस्ती लोकांना १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. या प्रवाहात प्रार्थना आणि निवेदन सोबत चालतात.

चौथा प्रवाह समाजात मिसळण्याचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले नाव. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’, वसईच्या जमिनी आणि पाणी वाचवण्याचा लढा, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. विश्वास परिसराच्या प्रश्नांत उतरला नाही तर तो खुंटतो, अशी ही दृष्टी. अशाने आत्मिक बाजू पातळ होते, अशी कुजबुज त्यांच्या हयातीत होत असे.

हेतू सापडतो की दिला जातो?

प्रत्येकासाठी देवाने नेमकी योजना आखली आहे, या समजुतीला यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचा आधार दिला जातो. घराघरांत तिथले वचन भिंतीवर लावलेले असते. २००२ मध्ये आलेल्या, अमेरिकन पाळक रिक वॉरन यांच्या पुस्तकाने हेतूपूर्ण जीवनाची भाषा जगभर पोचवली. कोणाचेही आयुष्य अपघाताने आलेले नाही, हा त्याचा गाभा निराश माणसाला उभे करतो यात शंका नाही.

शास्त्राचे अभ्यासक मात्र संदर्भ दाखवतात. ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेले आहे. सत्तर वर्षे परत येणे नाही, घरे बांधा, मळे लावा, लेकीसुनांचे संसार मांडा, ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे त्यात सांगितले आहे. वचन समुदायाला आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हयातीत ते पूर्ण होणार नव्हते. ल्यूथरच्या पाचारणाच्या विचाराशी हे जुळते : चांभाराने चांगले जोडे शिवावेत, आईने लेकराचे करावे, त्यातच देवाची सेवा आहे. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस यांच्या आत्मिक साधनेत मनातल्या सांत्वनाच्या आणि कोरडेपणाच्या हालचाली पारखून निवड करायला शिकवतात. तिथे हेतू एकदाच मिळत नाही, दर वळणावर पारखावा लागतो. ज्या तरुणांना आपले पाचारण कळत नाही म्हणून अपराधी वाटते, त्यांच्यासाठी हे दुसरे वाचन अधिक दयाळू आहे, असे मला वाटते.

मानसशास्त्र काय सांगते?

गेल्या सहा दशकांत हा विषय प्रयोगशाळेतही गेला. १९६७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट यांनी धर्म साधन म्हणून वापरणारे आणि धर्म आतून जगणारे असा भेद केला. १९८८ मध्ये केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चर्चच्या सभासदांत अडचणीला सामोरे जाण्याच्या तीन रीती पाहिल्या : सगळे स्वतः करणे, सगळे देवावर टाकून स्वस्थ बसणे, आणि देवासोबत मिळून करणे. तिसरी रीत असलेल्यांत आत्मविश्वास अधिक आढळला, दुसऱ्या रीतीत कमी. जिथे माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही तिथे सोपवून देण्याचाही उपयोग होतो, असे पुढचे काही अभ्यास सुचवतात.

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचा प्रयत्न २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्बर्ट बेन्सन यांच्या अभ्यासात झाला. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांपैकी ज्यांच्यासाठी परक्यांनी प्रार्थना केली त्यांना लाभ दिसला नाही. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच, ५९ टक्क्यांत, आढळली. या निष्कर्षाने श्रद्धाळू दचकले, काहींनी त्याचा गवगवा केला. धर्मशास्त्राच्या बाजूने उत्तर असे की भरवसा हा नात्यातला असतो, आणि नाते परीक्षेला बसवले की ते नाते राहत नाही. हे उत्तर मला प्रामाणिक वाटते, पण ते देणाऱ्याने मग रोगमुक्तीच्या साक्षींचा पुरावा म्हणून वापर करतानाही तेवढाच संकोच बाळगला पाहिजे.

काय अनिर्णित आहे

पहिला प्रश्न देवाच्या मौनाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून कळले की मदर तेरेसांनी जवळजवळ पन्नास वर्षे आत अंधार अनुभवला. काम थांबले नाही. त्या काळात त्यांच्यात जे होते त्याला भरवसा म्हणायचे का, यावर दोन टोकांची मते आहेत. मौनाला आपल्या मंडळ्यांत फारशी जागा नाही, हे मात्र खरे. साक्ष देण्याची वेळ असते. प्रार्थना फळली नाही हे उभे राहून सांगण्याची वेळ नसते, शास्त्रात विलापाची स्तोत्रे एवढी असूनही.

दुसरा प्रश्न लक्ष्मीबाईंनी उभा केलेला, भरवशाची झळ सोसणाऱ्या घरच्यांचा. तिसरा, पुढच्या पिढीचा. पुण्यामुंबईत, आखातात, कॅनडात गेलेल्या मराठी ख्रिस्ती मुलांना आजीची रोझरी आणि आजोबांचे टिळकांचे अभंग दोन्ही अर्धेच ठाऊक आहेत. त्यांना विश्वास सवयीने मिळणार नाही. मोठ्या सभेतला अनुभवही किती पुरेल, सांगता येत नाही. चौथा प्रश्न साधनांचा. पार्गामेंट यांच्यासारखे अभ्यास मुख्यतः अमेरिकी ख्रिस्ती लोकांवर झालेले आहेत. एकत्र कुटुंब, जात, अल्पसंख्य असण्याची जाणीव, हंगामावर चालणारे उत्पन्न, हे सारे ज्या भरवशाला घडवते तो त्या प्रश्नावलीत बसेलच असे नाही. इथली सामग्री ‘स्मृतिचित्रे’, बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’, रमाबाईंची साक्ष आणि १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे अंक यांत पडून आहे. समाजसुधारणेचा आणि साहित्याचा इतिहास म्हणून ती पुष्कळ वाचली गेली. माणूस देवावर टेकायला कसा शिकला, या प्रश्नासाठी ती पुन्हा वाचण्याचे काम अजून व्हायचे आहे.